गोळीची वेळ आणि वाऱ्याची वेळ

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या चहाच्या वेळी, हे अचानक म्हणाले, "पळसदेवला एकदा होडीतून जाऊन येऊ." कंपवाताने यांचा आवाज अलीकडे इतका बारीक झाला आहे, की निम्मी वाक्ये मला ओठांवरून वाचावी लागतात. हे वाक्य मात्र स्पष्ट ऐकू आले.

आमच्या वेळापुरात यांना सगळे गुरुजी म्हणून ओळखतात. अर्धनारीनटेश्वराच्या या गावात यांची चाळीस वर्षे गेली. पालखी मुक्कामाला आली की यांचे जुने विद्यार्थी दिंडीतून वाट वाकडी करून घरी येतात. पण हे मूळचे इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि जुने पळसदेव जलाशयात गेले. गाव वर, महामार्गाच्या बाजूला वसले. पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिर मात्र जिथे होते तिथेच राहिले. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते आणि दुष्काळी उन्हाळ्यात पाणी उतरले की वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. ती कात्रणे आमच्या घरी एका वहीत चिकटवून ठेवलेली आहेत.

यांचे वय शहात्तर, माझे सत्तर. कंपवाताचे निदान होऊन सात वर्षे झाली. होडीचा माझा एकूण अनुभव म्हणजे पंढरपूरच्या वाळवंटावरून विष्णुपदाकडे जाताना भीमेच्या पात्रात काढलेली पंधरा-वीस मिनिटे. तेव्हा मी दोन्ही हातांनी होडीची कड धरून डोळे मिटून बसले होते. असे असूनही या सहलीत मार्गदर्शकाचे काम माझ्याकडे आले. मुलगा पुण्याहून दूरध्वनीवर म्हणाला, "आई, होडी चालवणारा होडी चालवील. पण कधी निघायचं, कुठवर जायचं आणि कुठून परत फिरायचं, हे तू ठरव. बाबांचं घड्याळ तुलाच कळतं."

विचार केल्यावर मला त्याचे म्हणणे पटले. शिडाच्या मोठ्या नौकेवरही सुकाणू एकाच्या हाती आणि मार्गाचा हिशेब दुसऱ्याकडे असतो. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' नौकेतून २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. समुद्रावरची ती मोहीम नऊ महिन्यांची, पण तिच्या तयारीला ते २००६ मध्येच लागले होते. आमची फेरी दीड तासाची. तिच्या तयारीला दोन महिने लागले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, असे मी स्वतःला समजावले.

तयारीची सुरुवात टक्केवारीपासून झाली. सोलापूर जिल्ह्यात उजनीचे टक्के माहीत नसलेला माणूस विरळा. 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य आपण दर उन्हाळ्यात ऐकतो, पण त्याचा अर्थ धरण आटले असा होत नाही. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातले सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त आणि ६३हून थोडे अधिक मृत साठा. उपयुक्त पाणी संपले की शून्य टक्के, त्याखाली उणे. म्हणजे उणे आकडा असतानाही धरणात भरपूर पाणी असते. मात्र काठ फार आत सरकलेला असतो, गाळ उघडा पडतो, आणि जुनी झाडे, भिंती, विहिरींची कडी पाण्याच्या जेमतेम खाली येतात. फोनवरच्या नकाशात जिथे निळे पाणी दिसते तिथे प्रत्यक्षात कलिंगडाचा मळा असू शकतो. म्हणून छापील किंवा फोनवरच्या नकाशापेक्षा काठावरच्या मच्छीमाराचा शब्द मोठा मानायचा, हे मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिले.

दुसरी नोंद अधिक अवघड होती. मंदिर पाहायचे, तर पाणी खूप उतरायला हवे, म्हणजे एप्रिल-मे. आणि आपल्याकडे वळवाचा वाराही त्याच दिवसांतला. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी याच जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्याने उलटली. सात जणांपैकी एक पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेही होती. ती बातमी या भागातल्या कोणत्याही घरात विसरली गेलेली नाही. मी यांच्यासमोर दोन कागद ठेवले. एकावर 'मे, मंदिर दिसेल', दुसऱ्यावर 'मार्च, मंदिर बहुधा दिसणार नाही.' त्यांनी बराच वेळ पाहून दुसऱ्या कागदावर बोट ठेवले आणि म्हणाले, "दिसलं नाही तरी कुठं आहे ते मला ठाऊक आहे."

आता वाऱ्याविषयी. मार्च महिन्यात आपल्याकडे पहाट आणि सकाळ बहुधा शांत असते. ऊन तापू लागले की दहा-अकरापासून झोत सुरू होतात आणि दुपारनंतर पाणी खवळते. विहिरीवर किंवा शेततळ्यावर कितीही वारा आला तरी लाट उठत नाही, कारण वाऱ्याला धावायला जागा नसते. मोठ्या जलाशयावर त्याला कित्येक किलोमीटर मोकळे पाणी मिळते, आणि जितकी धाव लांब तितकी लाट उंच. ज्या काठावरून वारा सुटतो तिथले पाणी गुळगुळीत दिसते आणि समोरच्या काठाला लाटा आपटत असतात. नवखा माणूस इथेच फसतो. वाऱ्याच्या पाठीवर जाताना सारे सुखाचे वाटते. परतताना तोच वारा तोंडावर, होडीचे नाक उडते, अंगावर पाणी येते आणि वेळ दुप्पट लागतो. म्हणून जाताना वाऱ्याला सामोरे जावे आणि थकल्यावर त्याने आपल्याला घरी आणावे. एका वृद्ध मच्छीमाराने मला हे सांगितले तेव्हा वाटले, आजारी माणसाला फिरायला नेतानाही मी हेच करते: चढ आधी, उतार नंतर.

वाऱ्याचे घड्याळ असे कळले. दुसरे घड्याळ गोळीचे.

कंपवाताच्या रुग्णाचे घर ज्यांनी सांभाळले आहे त्यांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगते. लेव्होडोपाची गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासाने शरीर सैल होते, पाऊल उचलते, चेहऱ्यावर हसू उमटू शकते. आजार जुना झाला की हा काळ काही तासांचाच उरतो आणि पुढची गोळी येण्याआधी शरीर पुन्हा आखडू लागते. यांची पहिली गोळी सकाळी साडेसहाला, दुसरी साडेदहाला. सव्वासात ते साडेनऊ हा यांचा दिवसातला सर्वांत चांगला काळ. वारा दहानंतर. म्हणजे दोन्ही घड्याळे जुळणारी एकच खिडकी होती, साडेसात ते नऊ. त्यातही पंधरा मिनिटे हाताशी राखून ठेवायची, म्हणून पाण्यावर काहीही झाले तरी साडेआठला होडी वळवायची.

वेळापूर ते पळसदेव हा अकलूज-इंदापूरमार्गे सुमारे दीड तासाचा रस्ता. खिडकी साधायची, तर पहाटे पाचला निघावे लागले असते. म्हणजे साडेतीनला उठणे आले. झोप मोडली की यांचा तो अख्खा दिवस बिघडतो, गोळीही नीट लागू पडत नाही. गोळीच तासभर आधी द्यावी का, असा मोह मला झाला. तो मी डॉक्टरांपर्यंत नेला आणि त्यांनी तिथेच मोडून काढला. या गोळ्यांच्या वेळा घरच्या घरी पुढेमागे करू नयेत आणि एखादी गाळू तर मुळीच नये. मग इंदापूरला पुतणीकडे आदल्या रात्री मुक्काम ठरला. सहल एका दिवसाची दोन दिवसांची झाली, खर्च वाढला, पुतणीला त्रास झाला. पण यांची झोप वाचली.

त्याच भेटीत डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती प्रत्येक घरी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. प्रवासात मळमळू नये म्हणून आपण दुकानातून सहज गोळी आणतो. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही उलटीवरची अगदी नेहमीची औषधे कंपवात वाढवू शकतात, म्हणून या रुग्णांना ती देत नाहीत. इतर वृद्धांनाही 'बस लागण्याच्या' काही गोळ्यांनी गुंगी येते, तोल जातो, आणि प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते. होडीत गुंगी म्हणजे संकटच. मळमळ टाळायची, तर पोट थोडे भरलेले ठेवावे, होडीच्या मध्यभागी बसावे आणि जवळच्या पाण्याकडे न पाहता दूरच्या काठाकडे पाहावे. आम्ही यांना सकाळी भाताची पेज दिली. दूध, अंडे, डाळ असे प्रथिनांचे पदार्थ लेव्होडोपाच्या आड येतात, म्हणून ते गोळीपासून दूर.

मधुमेही वाचकांचा पथ्याचा हिशेब अर्थातच वेगळा असेल. पाण्यावर वेळ लांबली आणि घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला, तर तीन-चार चमचे साखर लगेच तोंडात जायला हवी. ती पिशवीच्या तळाशी न ठेवता खिशात असावी. इन्सुलिन उन्हात ठेवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी डोके आपटणे ही किरकोळ बाब मानू नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल तर होडीचा बेत पुढे ढकलावा. जलाशयाच्या पाण्याचे शिंतोडे त्या डोळ्याला नकोत.

लघवीविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. वृद्ध माणसे प्रवासाआधी पाणी पिणे बंद करतात. वयाबरोबर तहानेची जाणीव मुळातच मंदावलेली असते. त्यात मार्चचे ऊन आणि पाण्यावरून परावर्तित होणारी झळ. शरीर सुकले की उभे राहताना रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. कंपवातात तर हे अधिकच. यांनीही पाणी बंद करण्याचा प्रयत्न केला. मी प्रौढांसाठीचा डायपर समोर ठेवला. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "धोतराखाली दिसणार नाही ना?" दिसला नाही, आणि लागलाही नाही. पण तो होता म्हणून यांनी दोन पेले पाणी निश्चिंतपणे घेतले.

खरे भांडण झाले ते लाइफ जॅकेटवरून. हे भीमाकाठचे. लहानपणी पुरात उडी मारून पलीकडे गेल्याच्या गोष्टी आमच्या नातवंडांना पाठ आहेत. "मला पोहायला येतं. त्याच पाण्यात मी वाढलो. जाकीट घालून तिथं जायचं म्हणजे..." पुढचे शब्द ऐकू आले नाहीत, पण कळले. माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून मी सोलापूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारले. त्यांनी यांच्याकडेच पाहून, आदराने, पण स्पष्ट सांगितले: कंपवातात पूर्वीचे उत्तम पोहणारेही पाण्यात बुडू लागतात. हातपाय एकमेकांशी जुळवून घेणारी, विचार न करता चालणारी जी लय असते, तिलाच या आजारात धक्का बसतो. पोहणे आठवते, पण शरीर ऐकत नाही. आणि हे पाण्यात पडल्यावरच कळते.

घरी येताना मोहोळपर्यंत हे खिडकीबाहेर पाहत होते. नंतर म्हणाले, "म्हणजे तेही गेलं." मी काही बोलले नाही. सही करताना अक्षर बारीक होत गेले तेव्हा, सायकल विकली तेव्हा, असे याआधीही घडले होते. सेवा करणाऱ्या माणसाला वाटते की प्रत्येक वेळी धीर द्यायला हवा. मला आता तसे वाटत नाही. पंढरपूरला चहा घेतला आणि मग त्यांनी जाकिटाचा रंग कोणता असतो असे विचारले.

जाकीट मुलाने विकत आणले. काठावर मिळणाऱ्या जाकिटाचा पट्टा तुटलेला निघाला, तर ऐनवेळी काय करणार? माप छातीवर आणि वजनावर ठरते. घालून, सगळ्या बकला लावून, दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून पाहावे. हनुवटी आणि कान झाकले जाईपर्यंत वर आले, तर ते मोठे आहे आणि पाण्यात निसटेल. शाल वरून घेऊ नये. स्वेटर आत, जाकीट बाहेर. माझ्यासाठी मी नऊवारी बाजूला ठेवून मुलीचा पंजाबी पोशाख घातला, सत्तर वर्षांत पहिल्यांदा. भिजलेले लुगडे पायांत गुंतले तर जाकीटही फारसे कामी येत नाही. यांचे धोतरही त्याच कारणाने गेले आणि पायजमा आला. डायपरचा प्रश्न असा परस्पर सुटला!

मग अंगणात तालीम. कंपवाताच्या रुग्णाचे पाऊल उंबरठ्यावर, अरुंद जागी किंवा जमिनीचा रंग बदलतो तिथे जणू चिकटते. काठावरून होडीत पाऊल टाकणे म्हणजे हे तिन्ही एकत्र. ओढले की पाऊल अधिकच अडते. तालाने मात्र सुटते. कोणी चालीवर मोजले, समोर ओलांडायला रेघ दिली, की मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल उचलतो. आमच्याकडे ताल शोधावा लागत नाही. 'ज्ञानोबा माउली तुकाराम' या गजरावर पाऊल टाकण्याची सवय यांना आहेच. आम्ही बाज आडवी ठेवली, तिच्याअलीकडे खडूने रेघ ओढली, मुलगा पलीकडे, मी अलीकडे, आणि गजर. दोन हात व एक पाय, किंवा दोन पाय व एक हात, असे तीन आधार सतत टेकलेले असले पाहिजेत, हा नियम. बसल्याखेरीज हात सोडायचा नाही. पंधरा दिवस रोज संध्याकाळी हे चालले. शेजारच्या मुलांना वाटले की आजोबा नवीन खेळ शिकत आहेत, आणि तीही रांगेत उभी राहून बाज ओलांडू लागली.

हे करताना माझ्या लक्षात आले की माझा गुडघाही बाजेवर चढताना दगा देतो. मी घसरले, तर मुलापुढे दोन रुग्ण. म्हणून होडीत आधी मुलगा, मग हे, शेवटी मी, आणि मला हात द्यायला होडीवाला. घरातल्या सेवेकऱ्याची तपासणी कोणी करत नाही. ती त्याने स्वतः करावी. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठता येत नसेल, तर दुसऱ्याला सावरण्याचे काम त्या दिवशी आपले नव्हे.

मुलाला मी आणखी एक काम दिले: बुडालेल्या माणसाला द्यायचा प्रथमोपचार शिकून येणे. आपल्याकडे अजूनही बाहेर काढलेल्याचे पोट दाबतात, उलटे धरून पाणी काढायला पाहतात. त्यात वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास थांबला असेल, तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब लगेच सुरू करायचे, दुसऱ्याने १०८ किंवा ११२ फिरवायचा. कोणी पाण्यात पडले, तर आपण उडी टाकायची नाही. वल्हे, दोरी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे तरंगते ते द्यायचे. आम्ही दोरी घेतली आणि पाच लिटरचे दोन रिकामे कॅनही.

नकाशा यांनी काढला. थरथरत्या हाताने, तीन दिवस, थोडा थोडा. अक्षरे मुंगीएवढी; पण नदी कुठून वळते, मंदिर कुठे, शाळा कुठे, पेठेकडून घाटाकडे उतरणारी वाट कुठे, हे सगळे त्यात आले. मला त्यातून काठावरच्या खुणा हव्या होत्या. पाण्यावर आपण सरळ चाललो आहोत की वाऱ्याने सरकतो आहोत, हे पाण्याकडे पाहून कळत नाही. त्यासाठी काठावरच्या दोन गोष्टी एकामागे एक निवडाव्यात: पुढे झाड आणि मागे टाकी. ती एका रेषेत दिसत राहिली, तर आपण वाटेवर. टाकी झाडाच्या डावीकडे सरकली, तर आपणही डावीकडे वाहवलो. हे मी गच्चीवरून, तुळशीवृंदावन आणि समोरचा विजेचा खांब घेऊन, घरीच शिकले.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो. इंदापूरचा मुक्काम नीट झाला, साडेसहाची गोळी वेळेवर गेली, सातला काठावर पोहोचलो. आणि वारा होता. फार नव्हे, पाण्यावर खवले उठत होते, दूर कुठे कुठे पांढरा फेस दिसत होता. हवामान खात्याचा अंदाज स्वच्छ होता. विजांची सूचना देणारे 'दामिनी' ॲपही मुलाने पाहिले, तेही निर्धोक. होडीवाला म्हणाला, "मावशी, एवढ्यात काय होत नाही. रोज जातो आम्ही." तो खोटे बोलत नव्हता. तो रोज जातच होता. पण त्याच्या होडीत रोज आमचे गुरुजी नसत. वहीत मी आधीच लिहिले होते: काठावरून पांढरा फेस दिसला, तर जायचे नाही. हे घरी लिहिले होते म्हणून बरे झाले. काठावर, यांचा चेहरा समोर असताना, ते माझ्याकडून ठरले नसते. मी "नको" म्हटले. मुलाने माझ्याकडे पाहिले, यांनी पाण्याकडे. आम्ही अर्धा तास गाडीत बसून पाणी पाहिले आणि परतलो. घरी पोहोचेपर्यंत मला वाटत राहिले, की मी उगाच घाबरले.

दहा दिवसांनी पुन्हा गेलो. त्या दिवशी पाणी तेलासारखे पसरले होते. साडेसातला, गजराच्या तिसऱ्या आवर्तनाला, यांचे पाऊल होडीत पडले. होडीवाल्याने काठावरून ढकलताना "गुरुजी, कुठं न्यायचं?" असे विचारले. मी नकाशा उघडला. पण यांनी हात वर करून दाखवायला सुरुवातही केली होती. हात हलत होता, दिशा हलत नव्हती. मी मागे वळून झाड आणि टाकी धरली. पाणथळीत काही रोहित उभे होते; एरवी त्यांच्यासाठी भिगवणला लोक दुरून येतात, आम्ही त्यांच्याकडे फारसे पाहिले नाही.

सव्वाआठच्या सुमारास यांनी हाताने थांबण्याची खूण केली. मोटार बंद झाली. आजूबाजूला सर्वत्र सारखेच पाणी. शिखराचे टोकही वर आलेले नव्हते. हे खाली पाहत काही बोलत होते. मी कान जवळ नेला. पायऱ्या किती, नंदी कुठल्या बाजूला, बाहेरच्या भिंतीत कुठे पाय ठेवून मुले वर चढत, असे ते मुलाला सांगत होते, आणि मुलगा अगदी वर्गात बसल्यासारखा ऐकत होता.

साडेआठ वाजले. मी "निघू या" म्हटले. "पाच मिनिटं," हे म्हणाले. वारा नव्हता. पाच मिनिटांनी काही बिघडले नसते, हे मलाही दिसत होते. मी घड्याळ त्यांच्यासमोर धरले. त्यांनी ते वाचले, जाकिटाचा पट्टा चाचपला आणि होडीवाल्याला म्हणाले, "चला. हिचं ऐकावं लागतं."

काठाला लागलो तेव्हा नऊला दहा मिनिटे कमी होती. उतरताना गजर लागलाच नाही. पाऊल आपोआप पडले. इंदापूरला पुतणीकडे चहा झाला. पुढे अकलूजच्या वाटेवर, एका रसवंतीच्या सावलीत गाडी थांबवून आम्ही साडेदहाची गोळी दिली.